सुकलेलं दारात ठेवायचं नसतं

५ ऑक्टोबर, काल्हेर, भिवंडी

आले एकदाची! सकाळी साताऱ्याहून निघाले तेव्हा आईनं असा चेहरा केला होता की मी जणू लढाईवर चालले आहे. भिवंडी म्हणजे लूमची खटखट, धूर, ट्रक आणि खड्डे, एवढंच तिला ठाऊक. मी म्हटलं, अगं, धूर आहे म्हणून तर मला बोलावलंय. स्वच्छ हवेच्या गावात माझ्यासारखीला कोण नोकरी देणार?

नोकरी काय आहे हे सांगितलं की लोक आधी हसतात. आजचा रिक्षावालाही आरशात बघून हसला. झाडं हवेचं काय सांगणार? पण सांगतात. माणसाच्या नाकाला वासाची सवय होते, पानाला होत नाही. एखाद्या वायूनं पानाच्या शिरांमधला भाग पांढुरका पडतो, एखाद्यानं कडा करपतात, काजळी बसली तर पान गुदमरतं. सारख्या वयाची रोपं ठिकठिकाणी ठेवायची आणि दर आठवड्याला त्यांची पानं वाचायची, हे माझं काम. यंत्र महाग, ते एखाद्या चौकात एकच बसतं. झाड गल्लीगल्लीत ठेवता येतं.

केदार सर, म्हणजे पुण्याच्या आमच्या संस्थेतले माझे साहेब, परदेशी फुलझाडं वापरू म्हणत होते. मी तुळशीचा हट्ट धरला. परक्या रोपाला कोण पाणी घालणार? तुळस ठेवली तर घरची बाई स्वतः चहा घेण्याआधी तिला पाणी घालेल. पोरंटोरं पानं ओरबाडणार नाहीत, शेजारीण कुंडी पळवणार नाही. सरांना पटलं. ही युक्ती माझी आहे आणि ती मी पुढची काही वर्षं मिरवणार आहे.

घरही तुळशीनंच मिळवून दिलं. एजंटानं दाखवलेल्या पहिल्याच घरापुढे वृंदावन, त्यात अशी टवटवीत तुळस की बघत राहावं. एका पानावर डाग नाही. मागे गोदाम, त्याच्या मागे खाडी, आणि मधे हे हिरवंगार झाड! खोली वर जाऊन बघण्याआधीच मी हो म्हणून टाकलं. डॉक्टर जसा जीभ बघून सांगतो, तसं मी पान बघून सांगितलं की इथली हवा उत्तम आहे.

घरमालकीण जानकीबाई. साठीच्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. मूळच्या इथल्याच, पूर्वी भातशेती आणि खाडीतली मासेमारी, आता शेताच्या जागी गोदाम. मुलगा धनेश गोदामाचं बघतो. सून रुचिका बाळंतपणाला पडघ्याला माहेरी गेली आहे. वरची खोली रिकामीच होती. आधी नीरजा नावाची शिक्षिका राहायची, ती पायांच्या दुखण्यानं गावी गेली. जानकीबाईंनी मला वय विचारलं, सत्तावीस ऐकून फार खूश झाल्या आणि म्हणाल्या, “माज्या सुनंएवढीच हायस गो.” मग गरम भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. मी इथे जाड होणार.

९ ऑक्टोबर

कुंड्या पोचल्या सगळीकडे. रोपं पडघ्याला रघूच्या रोपवाटिकेतून घेतली, सगळी एका वाफ्यातली, एका उंचीची. काही तिथेच ठेवली, कारण हायवे सोडून आत शेतांत गेलं की हवा त्यातल्या त्यात बरी. बाकीच्यांची तुलना त्यांच्याशी करायची. काही टेमघरला प्रमोदिनीताई नावाच्या निवृत्त शिक्षिकेच्या गच्चीत ठेवली. शेजारीच सुताला खळ लावायचा कारखाना आहे, त्याची चिमणी दिवसभर ओकत असते. आणि काही इथे, जानकीबाईंच्या अंगणात.

रघू बोलघेवडा. कुठे राहता विचारलं, सांगितलं तर म्हणाला, “धनेशशेठकडं व्हय? मग तुमी कशाला एवढा भार नेताय? दर फेरीला तेच नेतात की तुलशी.” सासुरवाडी इथलीच, तेव्हा धनेशच्या फेऱ्या होणारच. तुळशीचं लग्न जवळ आलंय, वाटायला नेत असतील. हौशी माणसं आहेत.

संध्याकाळी जानकीबाईंना सगळं समजावून सांगितलं. झाडाला आधी कळतं, झाड सुकलं की माणसानं समजावं की आता आपली पाळी. त्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं. शेवटी म्हणाल्या की दारात तुळस सुकणं वाईट, सुकलेलं दारात ठेवायचं नसतं. मी हसून म्हटलं, माझी सुकली तर मात्र ठेवा हं, मला तेच बघायचंय. त्याही हसल्या.

१७ ऑक्टोबर

पहिलं वाचन झालं. टेमघरच्या रोपांवर आत्ताच काजळीचा थर आणि पानांवर बारीक डाग. प्रमोदिनीताईंनी त्यांना लेकरांसारखं जपलंय तरी. म्हणजे माझी पद्धत चालते! पडघ्याची रोपं बरी. आणि काल्हेरची पडघ्याहूनही सरस. मी तीनदा पानं उलटीपालटी करून बघितली. गोदामांच्या मधोमध अशी पानं! खाडीवरचा वारा सगळं धुऊन नेत असणार. केदार सरांना फोटो पाठवले, त्यांनी लगेच फोन केला. त्यांच्या मते हे छापण्याजोगं आहे.

दुपारी इथे एक वास येतो, नेलपेंट पुसायच्या औषधासारखा, गोडसर. मागच्या गोदामात ड्रम उतरतात तेव्हा. धनेशला विचारलं. तो म्हणाला, “टेन्शन नको घेऊ मॅडम, पार्टीचा माल आहे, कपड्याच्या प्रोसेसला लागतो. सीलबंद असतो.” ड्रमवरची नावं खरवडलेली दिसली खिडकीतून. वास थोडा वेळ राहतो, डोकं जड होतं, मग जातो. अंगणातली पानं निर्मळ आहेत म्हणजे काळजीचं कारण नाही. पान माझ्या नाकापेक्षा जास्त शहाणं.

मागच्या बाजूचा शेवगा मात्र वठलाय. खाडीचं खारं पाणी मुळाशी आलं असेल.

२६ ऑक्टोबर

दिवाळी करून काल परत आले. जायच्या आधी बोटांना मुंग्या येत होत्या, जिना चढताना पोटऱ्या भरून यायच्या. घरी गेल्यावर दोन दिवसांत सगळं पळालं. आई म्हणाली, बाहेरचं खाऊन अशी झालीस. खरं तर जानकीबाई मला बाहेरचं खाऊच देत नाहीत, पण आईशी वाद कोण घालणार.

आज पुन्हा मुंग्या सुरू. एसटीत पाय दुमडून बसले होते, त्यानं असेल.

जानकीबाईंची एक सवय गंमतशीर आहे. रोज सकाळी मी खाली उतरले की म्हणतात, “नखं दाव गो.” मग दोन्ही हात हातात घेऊन नखं बघतात, डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात, जीभ दाखवायला लावतात. आणि मग आपण होऊनच म्हणतात की बरी आहे पोर. मला आजी आठवत नाही, त्यामुळे हे लाड आवडतात. आज नखांवर एक पांढरी आडवी रेघ दिसली त्यांना. बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

४ नोव्हेंबर

परवा तुळशीचं लग्न दणक्यात झालं. ऊस, चिंचा, आवळे, मंगलाष्टकं, शेजारच्या बायका. नवरी तुळस इतकी हिरवी की सगळ्या कौतुक करत होत्या. रुचिकाचे वडील महादू पडघ्याहून आले होते. चपला काढायच्या आधी त्यांनी वृंदावनात वाकून बघितलं, मग गोदामाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझी तब्येत विचारली. ओळख ना पाळख, आणि दोनदा विचारलं.

आज बातमी आली, रुचिकाला मुलगा झाला! धनेशनं पेढ्यांचा पुडा थेट वर आणून दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. जानकीबाई हसता हसता एकदम रडायला लागल्या आणि मग कळलं की हे पहिलं नाही. आधीची मुलगी होती, पाच महिन्यांची. ह्याच वरच्या खोलीत दुपारची झोपली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी नक्की काही सांगितलं नाही. रुचिका तेव्हापासून, बाळंतपणाच्या कितीतरी आधीपासून, घरात पाय ठेवत नव्हती, धनेशच पडघ्याला जाऊन राहायचा.

मी ह्या खोलीत झोपते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं, थोडी रागावलेही. पण सांगणार तरी कोण आणि कसं. आता सव्वा महिना झाला की ती बाळाला घेऊन येईल, असं म्हणतात. येवो बिचारी, सुखात राहो. हवेची खात्री तर मीच देईन.

१२ नोव्हेंबर

ताप नाही, सर्दी नाही, पण अंगात दम नाही. टेमघरला प्रमोदिनीताईंच्या जिन्यावर मधेच बसावं लागलं. त्या म्हणाल्या, काल्हेर सोड, गोदामांत कसले कसले माल असतात. मी त्यांना आमच्या अंगणातल्या पानांचे फोटो दाखवले. त्यांची पानं डागाळलेली, माझी स्वच्छ. त्यांनी विषय बदलला आणि मला थोडं बरंही वाटलं, जिंकल्यासारखं.

धनेशनं डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या. वासाबद्दल, ड्रमांबद्दल मी त्यांना काही बोललेच नाही. कशाला बोलायचं? झाड खोटं बोलत नाही. खोटं बोलत असेल तर माझं शरीर, कामचुकार मेलं.

२१ नोव्हेंबर

आज पाऊल उचलायला गेले आणि चप्पल पायातच नव्हती. ती मागे राहिली होती आणि मला कळलंही नाही. तळव्यांना काही लागत नाही. अक्षरं वाकडी येतायत, पेन बोटांतून निसटतं.

जानकीबाईंनी डोक्याला तेल लावलं. कंगव्यात केसांचा पुंजका आला. त्यांनी तो गुपचूप मुठीत धरला, पण मी बघितला. आईचा फोन आला तेव्हा जीभ जड झाली होती, म्हणून त्यांनीच घेतला आणि गोड बोलल्या, माझ्या पोरीसारखी आहे, काळजी नको. आईचं समाधान झालं.

मग केस विंचरता विंचरता म्हणाल्या, “तू बरी टिकलीस गो. नीरजा न्हाय टिकली.”

माणसाला कोणी टिकलीस म्हणतं का? रोपाला म्हणतात.

२८ नोव्हेंबर

हळूहळू लिहिते. हात थांबत थांबत चालतो. पण हे लिहायलाच हवं.

थंडी पडलीय. ह्या दिवसांत तुळस मंजिऱ्यांनी भरते, पानं बारीक होतात, दांडा लाकडासारखा होतो. पडघ्याच्या तशा झाल्यात. टेमघरच्या तर निम्म्या गेल्या. आमच्या अंगणातल्या मात्र कोवळ्या, मंजिरी एकही नाही. हे मी गेल्या आठवड्यातही बघितलं होतं आणि वहीत ‘उत्तम’ असं लिहिलं होतं. शिकलेली गाढव.

आज जानकीबाई बाजारात गेल्यावर भिंतीला धरून खाली उतरले आणि एक रोप उपटलं. अलगद आलं हातात. खाली मातीचा गोळा, रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीच्या आकाराचा, पिशवीच्या घड्यासुद्धा तशाच. मुळं कुंडीच्या मातीत शिरलेलीच नव्हती. दुसरं उपटलं. तेही तसंच. मग वृंदावनातलं.

सगळी नवी आहेत. धनेशच्या दर फेरीला नवी येतात. ऑक्टोबरपासून मी जी पानं वाचली ती इथली नव्हतीच. पडघ्याची हवा वाचून मी काल्हेरचा निकाल लिहिला आणि त्याच्या भरवशावर इथे श्वास घेत बसले.

तुळस निवडली मी. का, तर बायका तिला सुकू देणार नाहीत म्हणून.

२९ नोव्हेंबर

ओहोटीला गोदामाच्या मागे खाडीच्या काठापर्यंत गेले, भिंतीला धरून, मग बसत बसत. सुकलेली तुळस कचऱ्यात टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. म्हणून तिथेच बघायचं होतं.

चिखलात तिवरांच्या मुळांना अडकलेल्या आहेत त्या. खूप. प्रत्येकीला हळदकुंकू वाहिलेलं. पानं शिरांच्या मधे पांढरी, कडा काळ्या, दांडे जळल्यासारखे. इतकी वाईट पानं मी पुस्तकातही बघितली नाहीत. आठवड्याभरात झाड असं होत असेल तर—

मी तिथे रडले. भीतीनं, आणि लाजेनं.

जानकीबाई शोधत आल्या, त्यांनीच खांद्याचा आधार देऊन आणलं. मी विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. ज्या घरात तुळस टिकत नाही त्या घरी सून कोण धाडील, असं त्यांचं म्हणणं. मी ड्रमांचं सांगितलं, हात जोडले, हे बंद करा म्हटलं. त्यांनी माझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाल्या, “त्या गोदामावरच घर चालतं हाय पोरी. शेत हाय कुठं आता?” धनेश म्हणतो की पार्टीची मुदत संपली की माल हलवू.

उद्या निघते. केदार सरांना आज फोन केला तर शब्द सुचेनात. “तुळस… तुळस” एवढंच आलं तोंडातून. त्यांनी विश्रांती घ्यायला सांगितलं, निकाल छान आहेत म्हणाले.

१ डिसेंबर

नाही जमलं. बॅग घेऊन जिन्यात आले आणि पाय नव्हतेच खाली. घसरले. डोकं आपटलं.

धनेशनं वर आणलं. जानकीबाईंनी हळद भरली, पेज भरवली. फोन डोळ्यांना वाईट म्हणून खाली नेला. आईशी त्याच बोलतात.

वही राहू दिली. लिहिलं की पोरीला बरं वाटतं, म्हणतात.

६ डिसेंबर

खाट खिडकीशी सरकवली. वारा लागेल म्हणे. खिडकी गोदामावर उघडते.

आज सांगितलं जानकीबाईंनी सगळं, पाय चेपता चेपता, मायेनं. रुचिकाची अट आहे. माझ्या वयाची पोर त्या खोलीत राहून दाखवू दे, धडधाकट राहिली तर लेकरू आणते. म्हणून खोली भाड्यानं. आधी नीरजा. मग मी.

नखं, पापण्या, जीभ. त्या मला वाचत होत्या. कुंडी म्हणून मलाच ठेवलं होतं.

आणि वाचून काय केलं? मी सुकतेय हे त्यांना माझ्या आधी कळलं. तरी नातू हवाच आहे. घरात, मांडीवर. त्या वाईट नाहीत. हे जास्त भयंकर आहे, त्या वाईट नाहीत, रडत होत्या माझे पाय चेपताना—

रुचिकाला सांगायला हवं. बाळाला इथे आणू नको. एवढंच. माझं काय व्हायचं ते होवो.

११ डिसेंबर

आवाज गेला. वारा येतो नुसता.

धनेशला खुणेनं बाळ, खिडकी, ड्रम— त्याला कळलं. तोंड फिरवलं त्यानं. म्हणाला, नवीन वर्षात हलवतो मॅडम, प्रॉमिस.

रुचिका रविवारी येणार.

वहीतलं पान दाखवीन तिला. मोठ्या अक्षरांत. हात तेवढा चालू दे देवा.

१४ डिसेंबर, सकाळ

आंघोळ घातली. केस थोडे राहिलेत, त्यांचा अंबाडा, वर गजरा. गालांना लाली. काजळ. नखांना लाल रंग, दोनदा, रेघ दिसू नये म्हणून. नवी साडी. खुर्चीत उशा लावून बसवलं.

आरसा दाखवला. किती टवटवीत दिसतेय मी.

खाली अंगणात धनेश कुंड्या मांडतोय. नव्या.

१४ डिसेंबर

आली. गोरी, बारीक, घाबरलेली. बाळ छातीशी घट्ट. दारातच थांबली, माझ्याकडे बघत राहिली. बरी आहेस ना, विचारलं.

मान हलवली मी, नाही, नाही— मान नुसती थरथरली. जानकीबाई म्हणाल्या, लाजते. ती हसली. केवढी सुटल्यासारखी हसली.

वही उचलली. पडली. जानकीबाईंनी उचलून मांडीवर ठेवली, मिटून.

दुपार

बाळ माझ्या खाटेवर ठेवून सगळे खाली जेवायला. जानकीबाई मला म्हणाल्या, लक्ष ठेव गो.

पंगत बसली. हसतायत. महादूही.

मागे टेम्पो आला. ड्रम उतरतायत—

वास.

खुर्चीतून पडले. खाटेपर्यंत आले. हात पोचत नाही वर. चादर ओढतेय, येत नाही—

पेला आपटला. ऐकत नाही कोणी.

बाळ रडतंय. रड रे राजा, मोठ्यानं रड. रडलं की येतील वर. तुझा आवाज आहे, माझा नाही. रड—

खाली कोणीतरी म्हणालं, रडू दे, झोपेल आपोआप.

थांबलं.

झोपलं असेल. झोपलं असेल ना—

रुचिका, वर आलीस की माझ्याकडे बघू नकोस, मी हलत नसले तरी थांबू नकोस, आधी बाळाला उचल आणि